फट

निवडुंगाची पानं सकाळीच येत. काटे जाळून काढलेली, तळव्यासारखी जाड, आणि कापलेल्या कडेवर चिकट रसाचे थेंब जमलेले. खालच्या मजल्यावर ती चिरली जात, कोमट पाण्यात भिजत, पिळली जात, आणि तो हिरवट, बुळबुळीत रस पाइपांतून वरच्या खोलीत चढे. तिथून पुढचं काम तिचं. कारखान्यात तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. अर्धं आयुष्य त्याच खोलीत गेल्यामुळे नाव विचारायची वेळ कोणावर आली नव्हती.

काम सांगायला सोपं होतं. रसात बहुतेक पाणीच. त्यात मीठ, साखर, रंग, वास, आणि या सगळ्या गर्दीत तो डिंकासारखा पदार्थ, लांबच लांब साखळ्यांचा, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. तो वेगळा काढायला मेम्ब्रेन. माणसाच्या मांडीएवढी जाड, पुरुषभर उंच नळी. तिच्यात केसांसारखे पोकळ धागे दाटीवाटीने भरलेले. आणि प्रत्येक धाग्याच्या अंगाला डोळ्यांना कधीच न दिसणारी छिद्रं. रस धाग्यांच्या पोटातून जोराने फिरवायचा. पाणी, मीठ, साखर छिद्रांतून बाहेर झिरपे; साखळ्या लांब, त्या आत अडकून राहत. मग वरून स्वच्छ पाणी घालायचं आणि पुन्हा फिरवायचं. जितकी धुणी, तितका माल शुद्ध. शेवटी टाकीत उरायचा दाट, जवळजवळ बिनरंगी गर. चिघळलेल्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांवर ज्या पट्ट्या बांधतात, त्यांच्यासाठी तो जायचा.

"निवडुंगाला कुठंही कापा, तो स्वतःला शिवून घेतो," फिटर नव्या माणसांना सांगायचा. "आपण त्याचा सुईदोरा चोरतो, एवढंच."

फिटर हा वरच्या मजल्यावरचा दुसरा माणूस. पोट सुटलेला, पुढच्या दोन दातांत चांगलं बोट जाईल एवढी फट, आणि त्या फटीतून तो दिवसभर शीळ घालायचा. त्याचं तोंड पंपासारखं. एकदा सुरू झालं की बंद करायला बटण शोधावं लागे. ती त्याच्या दहा वाक्यांना एक उत्तर द्यायची आणि दोघांचं छान जमायचं.

घरी मात्र ते एक वाक्यही नव्हतं.

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती राहायची. आई होती तोवर तिथं खोकला होता, रेडिओ होता, 'आज उशीर केलास' होतं. आई गेल्या वर्षी गेली. तेव्हा परगावाहून थोरली बहीण आली होती, चार नातेवाईक आले होते, सगळ्यांनी डोळे पुसले. ती चहा करत होती. अंत्ययात्रेच्या गाडीसाठी फोन करत होती. आईचं अंथरूण घडी घालून ठेवत होती. रडू आलंच नाही. कुठंतरी वाट चुकलं असेल, येईल मागाहून, असं तिला वाटलं. आणि सुतक-बितक न पाळता ती कामावर हजर झाली, कारण टाकीत रस होता आणि रस थांबत नाही.

ताईला ते सहन झालं नाही. निघताना दारात उभी राहून म्हणाली, "दगडालासुद्धा पाझर फुटतो गं, धाकटे. तुला नाही फुटला. आईसाठीसुद्धा नाही."

त्यानंतर फोन नाही. ताईने केला नाही, हिने केला नाही. काय बोलायचं हा एक प्रश्न, आणि आधी कोणी बोलायचं हा त्याहून मोठा.

त्या वर्षीच्या थंडीत साहेब स्वतः वर आले. एका मोठ्या औषध कंपनीला नमुना हवा होता.

"बाई, त्यांना नेहमीचा माल चालणार नाही. डाग नको, वास नको, चव नको. फक्त तो पदार्थ. बाकी काही म्हणजे काही नको."

"धुणी वाढवावी लागतील."

"वाढवा ना. तुम्हाला कोण अडवतंय?"

खरंच कोणी अडवत नव्हतं. नेहमीची धुणी दुपारीच संपायची. त्यानंतर टाकी रिकामी करून, मेम्ब्रेन धुऊन घरी जायचं. आता ती थांबू लागली. आणखी एक धुणं म्हणजे घराबाहेर आणखी एक तास. फिटर जाताना विचारायचा, "बाई, अजून किती गोरं करणार त्याला?" आणि ती म्हणायची, "त्याचं लग्न ठरेपर्यंत." मग तो शीळ घालत जिना उतरायचा आणि खोलीत पंपाचा आवाज तेवढा उरायचा.

पहिल्यांदा हिरवी झाक गेली. मग तो कच्च्या काकडीसारखा वास गेला. झिरपणारं पाणी ती तासातासाने तपासायची. त्यातलं मीठ कमी होत होत एक दिवस मोजमापाला लागेनासं झालं. तिथं थांबायला हवं होतं. आत आता धुऊन काढण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. पण बाहेर अजून उजेड होता, आणि घरी जाऊन करायचं काय, म्हणून तिने आणखी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी.

आठवडा सरताना तिने काचेच्या ग्लासात थोडा गर काढला आणि खिडकीशी धरला. ग्लास रिकामा दिसत होता. तिने तो तिरपा केला. काही हललं नाही. तिला वाटलं, आपण भरायलाच विसरलो. एवढ्यात ग्लासाच्या आत, उशिराने, काहीतरी सावकाश एका अंगाला कललं. दिसलं नाही, त्याच्यामागची खिडकीची चौकट तेवढी वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

तिने बोट बुडवून पाहिलं. ओलं नाही, चिकट नाही, गार नाही, गरम नाही. बोट बाहेर काढलं तर कोरडं.

त्याच संध्याकाळी नळीची पकड सोडवताना पत्र्याची धार तिच्या अंगठ्यात शिरली. रक्त टपकलं, फरशीवर दोन-तीन थेंब पडले. ती बेसिनपाशी गेली, नळाखाली हात धरला, आणि रक्त वाहून गेल्यावर खाली जखम सापडेना. तिने अंगठा दाबून पाहिला, दुसऱ्या हाताचा पाहिला. कातडी अखंड. ओरखडा असेल, रक्त उगाच जास्त दिसलं असेल, असं म्हणून तिने हात पुसले. पण फरशीवरून पुसलेले थेंब खरेच होते.

नमुना गेला. साहेब खूश होऊन वर आले. "कंपनीचे लोक म्हणतात, असला माल त्यांनी बघितला नाही. बघितला नाही म्हणजे खरंच बघितला नाही, दिसतच नाही म्हणे!" आपल्याच विनोदावर ते मनापासून हसले. "टाकीभर करा. ते लोक स्वतः येणार आहेत."

टाकीभर करायला घेतलं आणि झिरप मंदावली.

यात नवल काही नव्हतं. मेम्ब्रेनची छिद्रं बुजतातच. त्या धंद्यातली ती रोजची रड. कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी फिरवलं की पुन्हा मोकळी होतात. तिने कॉस्टिक फिरवलं. दाबाचा काटा लाल रेघेला टेकला, पंप कण्हायला लागला, आणि बाहेरच्या नळीतून थेंब पडायचा तोही थांबला. तिने पुन्हा धुतलं. मग फिटरला बोलावलं.

फिटरने नळी उतरवली, टोक उघडलं, आणि ब्लेडने एक धागा आडवा कापला. भिंगाखाली धरला. शीळ थांबली.

"बाई, हा पोकळ असतो ना?"

"असतो म्हणजे काय? पोकळ नसेल तर रस जाईल कुठून?"

"बघा."

तिने पाहिलं. कापलेली गोल कड, आणि मध्ये भोक नव्हतं. फिटरने दुसरा कापला, तिसरा कापला, मग मूठभर धागे एकदम कापले. सगळे भरीव, शिजवलेल्या शेवयांसारखे.

"गर आत सुकला असेल," ती म्हणाली.

"बुजलेलं भोक मी रोज बघतो, बाई. त्याची कड दिसते. भोक कुठं होतं ते कळतं." त्याने भिंग खाली ठेवलं. "इथं भोक होतं असं वाटतच नाही."

तिने मेम्ब्रेन बनवणाऱ्यांचा दोष म्हणून नोंद केली आणि नवी मेम्ब्रेन बसवायला सांगितली. फिटरने बसवली. त्या दिवशी तो एकही विनोद न करता घरी गेला.

रविवारी केस धुवायला तिने कानातल्या कुड्या काढून ठेवल्या. आईच्या होत्या त्या. आईच्या शेवटच्या आजारात तिने आपल्या हाताने हिच्या कानात घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक घालायला गेली तर जाईना. आरशात बघून टोचून पाहिली. दुखलं. दुसऱ्या कानाला लावून पाहिली. तिथंही नाही. तिने खिडकीचा पडदा सारला आणि आरसा अगदी जवळ धरला. लहानपणी टोचलेले कान. पाळ्या सपाट, गुळगुळीत, बाळाच्या असतात तशा. खळगासुद्धा नव्हता.

वय झालं की असं होत असेल. तिने कुड्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या आणि शिंपीण जिन्यात भेटली तेव्हा सहज विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणाचे कान बुजलेत का हो?"

"वर्षानुवर्षं घातलं नाही तर बुजतात की."

"एका रात्रीत?"

शिंपीण हसली. "एका रात्रीत फक्त दुकानं बुडतात, बाई."

कामावरचा तिचा पांढरा कोट खुंटीला असायचा. त्याच आठवड्यात तो अंगात घालून ती वरचं बटण लावू लागली आणि बोटं नुसतीच कापडावरून फिरत राहिली. काज नव्हतं. काजाचे टाके होते, दोन्ही बाजूंना घट्ट शिवलेले, आणि मधे सलग कापड, आडवे-उभे धागे नीट विणलेले. तिने खालचं पाहिलं. तेही तसंच. तिने कोट उलटासुलटा करून पाहिला, मग न घालताच परत खुंटीला लावला.

बराच वेळ ती टाकीसमोर उभी राहिली. टाकीवर पोलादी झाकण होतं. झाकण उघडलं की आत तळ दिसायचा, चकचकीत, कोरडा, जणू कोणी नुकताच पुसलाय. टाकी काठोकाठ भरलेली होती.

फिटर दुपारी आला. तो बोलेना, म्हणून तिनेच विचारलं, "काय झालंय?"

त्याने खिशातून कुलूप काढून तिच्या हातात दिलं. हत्यारांच्या पेटीचं. किल्ली जायची ती जागा गुळगुळीत पितळ होती.

"हे राहू दे," तो म्हणाला. "कुलूप दुसरं मिळेल. बाई, मला खाली बदली हवीय. साहेबांना सांगितलंय मी."

"कुलपासाठी?"

फिटरने तिच्याकडे पाहिलं आणि ओठ फाकवले. तो हसत नव्हता. पुढचे दोन दात एकमेकांना चिकटून होते. चिकटूनही नव्हे, त्यांच्या मध्ये रेघच नव्हती. रुंद, पांढरा, एकच दात.

"शीळ येत नाही," तो म्हणाला. "घरचे म्हणतात बरं झालं, डोकं उठवायचा. दंतवैद्य म्हणतो, असं जन्मापासूनच असणार. मी म्हटलं, लग्नातला फोटो दाखवू का? तर तो म्हणतो, फोटोत सावली पडली असेल." त्याने टाकीकडे बोट दाखवलं. "तुम्हीपण चला खाली. याला नाल्यात सोडून द्या आणि चला."

"लोक येणार आहेत बघायला."

"तुम्ही एकट्या आहात इथं."

"मी कुठंही एकटीच आहे," ती म्हणाली, आणि आपण हे मोठ्याने बोललो याचं तिलाच नवल वाटलं. फिटरने मान खाली घातली. जिना उतरताना त्याने सवयीने ओठ चंबू केले. नुसती हवा बाहेर गेली.

मग तिचे डोळे गळू लागले.

सकाळी उठली तेव्हा उशी भिजलेली होती. आग नाही, लाली नाही, खाज नाही. नुसतं पाणी, दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत भरायचं आणि गालांवरून हनुवटीपर्यंत वाहायचं. बसमध्ये एका अनोळखी बाईने तिला जागा दिली. दुसरीने रुमाल दिला. गेटवरच्या पहारेकऱ्याने, ज्याने इतक्या वर्षांत मान हलवण्यापलीकडे ओळख दाखवली नव्हती, उठून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" साहेब म्हणाले, "रजा घ्या बाई. माणसाने किती दिवस मनात दाबून ठेवायचं?"

"डोळ्यांना काहीतरी झालंय," ती म्हणाली.

"हो, हो," साहेब हळुवारपणे म्हणाले. "असंच म्हणायचं असतं."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली. एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला.

"डोळ्यांत पाणी सगळ्यांच्याच सतत येत असतं," त्या म्हणाल्या. "पापणीच्या कडेला, या इथं कोपऱ्यात, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. त्यातून ते नाकात उतरतं, म्हणून आपल्याला कळत नाही. तुमच्या पापण्यांना ते नाही."

"बुजलंय?"

"नाहीच आहे. काही जण जन्मतःच तसे असतात."

"पण मग इतकी वर्षं?"

डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाडता येतं. बारीक सुईने. काही लागत नाही."

त्यांनी पाडलं. त्या संध्याकाळी तिचे गाल कोरडे होते. सकाळी उशी पुन्हा भिजलेली होती.

तिने ठरवलं ते त्या सकाळी. कारखान्यात जाऊन ती सरळ टाकीपाशी गेली आणि तळाचा व्हॉल्व्ह उघडला. चाक फिरलं, पूर्ण फिरलं. बाहेर काही आलं नाही. तिने नळी काढली, व्हॉल्व्हच्या तोंडात टॉर्च मारली. आत पोलाद होतं, सपाट. तिने पंप लावायला घेतला तर पंपाच्या तोंडाचीही तीच गत. टाकीला आता वरच्या झाकणाखेरीज वाट नव्हती. तिने झाकण उचलायला हात घातला, आणि बोटं काठावरून सरकत राहिली. झाकण कुठं संपतं आणि टाकी कुठं सुरू होते, ते हाताला लागेना.

पंप बंद होता. खोलीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. पाइपांच्या सांध्यांतून, खिडकीच्या फटींतून येणारी बारीकशी हवा नेहमी असायची. ती नव्हती.

ती मागे न बघता बाहेर पडली. दार ओढून घेतलं. दाराखालून नेहमी उजेडाची पट्टी दिसे, ती दोऱ्याएवढी उरली होती. साहेबांना तिने खालूनच सांगितलं की वर कोणाला पाठवू नका.

"बाई, लोक सोमवारी येणार आहेत!"

"येऊ देत. पण दार उघडलं नाही तर फोडायला जाऊ नका."

साहेबांनी तिच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. रडणाऱ्या बाईशी कोण वाद घालणार?

घरी येऊन तिने हात धुतले. साबणाने धुतले, राखेने घासावेत तसे खरखरीत घासणीने घासले. मग दिवसभर ती काही न करता बसून राहिली, हात मांडीवर, बोटं एकमेकांपासून दूर ठेवून. का दूर ठेवली, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात ताई उभी होती.

हातात पिशवी, केस अर्धे पांढरे झालेले, जिना चढून दम लागलेला. शिंपिणीने फोन केला होता. 'तुमची बहीण आठवडाभर रडतेय, एकदा येऊन जा' म्हणाली होती. ताई काहीतरी ठरवून आली असावी, दोन शब्द कडक, दोन मऊ. पण दार उघडलं आणि तिने धाकटीचा चेहरा पाहिला. गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून टपकत होतं.

"धाकटे," ताई म्हणाली. पिशवी उंबऱ्यावर टाकून तिने बहिणीला मिठी मारली.

"ताई, थांब, हात लावू नकोस. मला बरं नाहीये. लागण होईल."

"माझ्या बहिणीची मला कसली लागण?"

"ताई, ऐक. हे रडू नाहीये. डोळ्यांचं..."

"कळलं, कळलं मला." ताई स्वतःच हमसून रडत होती. "वर्षभर आत कोंडून ठेवलंस. आणि मी मेलीने तुला दगड म्हटलं. दारात उभी राहून म्हटलं. तुला तेवढं बोलून बसमध्ये बसले आणि वाटभर वाटत होतं, उतरावं, परत जावं. नाही उतरले. आईने मला चांगलं चोपलं असतं."

आता सांगायचं होतं. पापणीच्या कडेला छिद्र असतं, ते नाही, म्हणून पाणी उलटं येतं; एवढं साधं वाक्य. ती ते मनात जुळवत होती. पण ताईच्या खांद्याला घामाचा, प्रवासाचा, जुन्या लोकरीच्या स्वेटरचा वास होता, आणि कोणी तिला असं धरून ठेवून वर्ष उलटलं होतं. तिने वाक्य सोडून दिलं. तिचे हात आधी लोंबत होते, ते उचलले गेले आणि ताईच्या पाठीवर टेकले.

मग दोघी बसल्या. ताईने चहा केला, साखर जास्त घातली, आईसारखी. पातेलं कुठं ठेवतेस, हा गाळणीचा दांडा तुटलाय तो अजून टाकला नाहीस का, भिंतीला रंग कधी देणार, असं सगळं बोलून झालं. मग आईचं निघालं. आई शेजाऱ्यांच्या कोंबड्याशी कशी भांडायची, त्याला 'अहो' म्हणून कशी झापायची, ते ताईने उठून करून दाखवलं. ती हसली. पोट धरून हसली. हसताना डोळ्यांतून पाणी येतच होतं, आणि आता ते कसलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"दमले गं," ताई म्हणाली. "जरा आडवी होते. तूपण ये. तुझे डोळे बघ कसे झालेत."

आईच्या पलंगावर दोघी आडव्या झाल्या.

"लहानपणी मधे उशी ठेवायची तू," ताई म्हणाली. "माझा पाय तुझ्या बाजूला आला की चिमटा."

"तुझे पाय गार असायचे."

"आणि आता तुझे हात गार आहेत." ताईने तिचा हात ओढून आपल्या हातात घेतला. तिने सोडवून घेतला. ताईने पुन्हा घेतला, बोटांत बोटं गुंतवली. "राहू दे ना. मी काय खाते का तुला?"

तिने राहू दिला. सोडवायचा विचार होता; ताईला झोप लागली की हळूच सोडवू, असं ठरवून ती छताकडे बघत पडून राहिली. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. ताईचा श्वास लांब झाला. पडद्याआड ऊन होतं. किती दिवसांनी कोणीतरी शेजारी होतं, आणि मशीनचा तो एकसुरी आवाज, आणि ताईच्या तळव्याची ऊब.

जाग आली तेव्हा खोलीत संध्याकाळचा उजेड होता. मशीन बंद झालेलं होतं.

तिने हात सोडवायला घेतला. हात आला नाही.

मुंग्या आल्या असतील. तिने पुन्हा ओढला. दुखलं नाही. ताईचा दंड तेवढा हलला.

ती तशीच पडून राहिली. मग दुसरा हात वळवून तिने चाचपून पाहिलं. स्वतःचं मनगट. स्वतःचा अंगठा. बोटांची पेरं. पुढे ताईची पेरं, ताईचा अंगठा, ताईच्या मनगटावरचा घड्याळाचा पट्टा. ती परत फिरली, सावकाश, बोटाच्या टोकाने. पट्ट्यापासून मागे. कुठंतरी एक रेघ लागायला हवी होती. एक कड. कातडी उबदार होती, मऊ होती, आणि सलग होती.

तिसऱ्यांदा तिने शोधलं नाही.

"ताई," तिने हळूच हाक मारली.

ताई झोपेतच होती. चेहरा निवांत, वर्षभरात हरवलेली झोप एकदम सापडावी तसा. तिच्या मिटलेल्या पापण्यांच्या कोपऱ्यांत पाणी भरलं होतं. ते भरत भरत काठावर आलं आणि गालावरून कानाकडे ओघळलं. मागोमाग आणखी.

तिने ओरडायला हवं होतं. उठवायला हवं होतं. तिने मोकळा हात पुढे केला आणि ताईचा गाल पुसला, अगदी हलक्या हाताने, झोप मोडू नये म्हणून.

बोटाचा गार स्पर्श तिला स्वतःच्या गालावर जाणवला.